ऊन खाण्याचं इंग्रजी

साल दोन हजार एकोणीस. जिल्ह्याच्या पाट्यांवर तेव्हा अजून उस्मानाबाद असंच लिहिलेलं होतं. त्या जानेवारीत थंडी अशी पडली, की सास्तूरच्या अलीकडच्या करजवंडीत सकाळी नळाखाली हात धरायची कुणाची छाती होत नव्हती.

करजवंडी हे त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं गाव. सरळ रस्ते, एका मापाची घरं, दोन घरांमध्ये बैलगाडी वळेल एवढी मोकळी जागा. शाळेसमोर एक दगडी कट्टा होता. जुन्या गावातल्या पडलेल्या भिंतींचे दगड ट्रॅक्टरनं आणून तो बांधलेला. तोंड उगवतीला, आणि पाठीशी शाळेची कुंपणभिंत, त्यामुळं वारा लागत नसे. दिवाळी सरली की तिथं रोज सकाळी तीन बायका येऊन बसत. धुरपदाबाई, हरणाबाई आणि रुद्रम्मा. ऊन कट्ट्यावर चढलं की यायचं आणि अंगाला चटका बसायला लागेपर्यंत हलायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

धुरपदाबाईची जागा डाव्या टोकाला. तिथला दगड तिच्याच जुन्या घरातला, चुलीमागच्या भिंतीचा. वर्षानुवर्षांची काजळी त्याच्यात मुरलेली. काळा असल्यामुळं तो सगळ्यांत आधी तापायचा. हरणाबाईला त्या जागेचा फार हेवा.

"धुरपदे, आज तरी सरक की तिकडं. मरताना काय दगड संगं नेणार हायेस का?"

"तुझ्या घरचा आणायचा होतास मग. तुझं सासर तर अख्खं मातीचं व्हतं."

रुद्रम्मा आळंदकडची. तिला या भांडणाचं नवल वाटायचं. ती म्हणायची, "अय्य, ऊन सगळ्यांना सारखंच हाय न्हवं? भांडू नका ओ." आणि दोघी तिच्यावरच तुटून पडायच्या.

एके दिवशी मधल्या सुट्टीत धुरपदाबाईची नात अर्पिता धावत आली. पोरगी पाचवीत. शाळेत त्या वर्षी ज्ञानेश्वरी मॅडम इंग्रजी शिकवायला नव्या आल्या होत्या, आणि सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी पोरांना एक काम लावलं होतं. सहसा कुणी वापरत नाही असं एक इंग्रजी क्रियापद शोधायचं, त्याचा अर्थ नीट समजून घ्यायचा आणि ते गावात वापरात आणायचं. "पाठ करून आणू नका," मॅडम म्हणाल्या होत्या. "पाठ केलेला शब्द तुमच्यापाशीच राहतो. चार माणसांच्या तोंडी गेला तर तो खरा."

"आज्जी, मला घावला! आणि तू रोज तेच करतीस!"

"म्या काय करते गं?"

"ॲप्रिकेट!"

तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. हरणाबाई म्हणाली, "धुरपदे, काय केलंस गं बाई? कुणाला सांगितलं बी न्हाईस."

अर्पितानं हसत समजावलं. ॲप्रिकेट म्हणजे उन्हात बसायचं, अंगाला कोवळं ऊन लागू द्यायचं. इंग्रजीत त्याला असा सबंध एक शब्द आहे. मात्र तो इतका जुना, की तिकडंसुद्धा आता फारसा कुणी वापरत नाही.

धुरपदाबाईला हे पटेना. "नुसतं उन्हाला बसायला शब्द? म्या तर ऐकलंय त्यांच्या मुलखात ऊनच पडत न्हाय."

"म्हणून तर शब्द करून ठेवला असंल," रुद्रम्मा म्हणाली. "जे मिळत न्हाय त्याचं नाव माणूस जपून ठेवतंय."

"मग आपल्यात काय म्हणायचं ह्याला?" हरणाबाईनं विचारलं.

"ऊन खाणं," अर्पिता म्हणाली.

"बघ! इंग्रज नुसता बसतो, आपण खातो. आपलंच भारी हाय." हरणाबाई खूश झाली. मग जरा विचार करून म्हणाली, "आणि पोरी, ह्या समोर मिरच्या वाळत टाकल्यात, त्या काय करायल्यात मग? त्या बी ॲप्रिकेट का?"

अर्पिता तशीच शाळेत पळाली. ती मॅडमना विचारून दुसऱ्या दिवशी आली. मॅडमनी मोठा शब्दकोश पाहिला होता. मिरच्यांनाही चालतो म्हणाल्या. आपण उन्हात बसलो तरी तोच शब्द, आणि वाकळा, गाद्या, मिरच्या उन्हात टाकल्या तरी तोच.

एवढं कळल्यावर शब्दाला पाय फुटले. हरणाबाईनं सुनेला सांगितलं, "वाकळा ॲप्रिकेटाया टाक गं." सुनेला आधी वाटलं सासूला वारं लागलं. रुद्रम्माचा नवरा शंभुलिंग दारात म्हैस बांधता बांधता म्हणाला, "सकाळधरनं नुसती ॲप्रिकेटतीय, दुधाचं नाव न्हाय." किराणा दुकानदार गुंडाप्पा दुकान उघडायला उशीर झाला की फळीवर पाटी ठेवायला लागला, 'ॲप्रिकेट करून येतो'. आणि धुरपदाबाईची सून सोनाली फोनवर माहेरी सांगायची, "आत्याबाई ना? त्या ॲप्रिकेट करायल्यात. काय म्हणजे काय? इंग्रजी हाय, तुला न्हाय कळायचं."

कुणी थट्टेनं म्हणे, कुणी खरंच म्हणे. पण अर्पिता रोज संध्याकाळी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून आज कुणाकुणाच्या तोंडून शब्द आला ते सांगायची, आणि धुरपदाबाईला वाटायचं, आपल्या पोरीनं गावात एक झाड लावलंय.

आता या सगळ्यात धुरपदाबाईचा लेक बलभीम कुठं होता? तो आपल्या दुकानात होता. लोहारा रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान. फाटकं, जिने, गुरांचे गोठे, जे म्हणाल ते करायचा, पण पत्र्याचं शेड करावं तर बलभीमनं. वाऱ्यावादळात त्याचं शेड हललं असं कुणी पाहिलं नव्हतं. बोलायला कमी. माया होती ती हातातून बाहेर पडायची. बायको ओट्याची उंची कमी आहे म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली लोखंडी पाय. आईचे गुडघे धरले, तर न सांगता पलंगाला कठडा.

तो दुकानाला जाता येता मोटारसायकलवरून आईला कट्ट्यावर बसलेली बघायचा. डोक्यावर पदर, पदरावर ऊन. आणि त्याच्या मनात काही शिजत होतं.

संक्रांत झाली. शाकंभरी नवरात्र चालू होतं. तिघी जणी एसटीनं तुळजापूरला दर्शनाला गेल्या. देवीची ओटी भरली, कुंकू घेतलं, हरणाबाईनं नातवाला डमरू घेतलं आणि परतताना गाडीत स्वतःच वाजवत बसली. संध्याकाळी फाट्यावर उतरून गावात आल्या तर शाळेसमोर माणसं जमलेली.

कट्ट्यावर शेड उभं होतं.

चांगलं जाडजूड. चार पाइपांवर अँगल, अँगलवर निळा पत्रा. पत्रा पुढं हातभर जास्त काढून खाली उतरवलेला, आणि समोरून ऊन तोंडावर येऊ नये म्हणून पत्र्याचीच झालर. बलभीम दोन माणसं घेऊन सकाळपासून खपला होता. त्याच्या भुवयांवर लोखंडाची काळी भुकटी होती आणि तोंडावर असा आनंद, की दिवाळीला फटाके मिळालेलं पोरच जणू.

"माय, बघ! किती वर्सं उन्हातानात बसतीस. आता बस सावलीला."

धुरपदाबाईनं वर पाहिलं. पत्रा पाहिला. उगवतीकडची झालर पाहिली. पण लेकाचं तोंड बघून ती म्हणाली, "लई चांगलं केलंस बाबा."

"हलकं हाय माय. उद्या काय बी झालं तर ह्यानं कुणाला लागायचं न्हाय," बलभीम पत्र्यावर थाप मारत म्हणाला. भूकंपात तो सात वर्षांचा होता. आदल्या रात्री गणपती बोळवून मंडपातच झोपला, म्हणून वाचला. घरी मात्र लाकूडमातीचं जड छप्पर, माळवद, खाली आलं होतं, आणि त्याखाली त्याचे वडील गेले. त्यानंतर त्यानं जे जे छप्पर केलं ते हलकं केलं. हे तो कधी बोलला नव्हता, पण धुरपदाबाईला ठाऊक होतं. म्हणूनच तिनंही पाइपावरून कौतुकानं हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी तिघी येऊन बसल्या. सगळ्या गावावर ऊन पडलं होतं. शाळेच्या पायऱ्यांवर, गुंडाप्पाच्या दुकानावर, शंभुलिंगच्या म्हशीवर. नव्हतं ते फक्त कट्ट्यावर. काळा दगड बर्फासारखा लागत होता. तिघींनी पदर घट्ट केले. रुद्रम्मानं हात काखेत घातले.

"धुरपदे," हरणाबाई हळूच म्हणाली, "तुझ्या लेकानं आमाला टमाट्यावानी फ्रिजात ठेवलं की गं."

"गप. यायलाय तो."

बलभीम मोटारसायकल थांबवून मुद्दाम उतरला. "कसं वाटतंय?"

"झकास!" तिघींनी एका आवाजात सांगितलं. रुद्रम्माचे दात वाजत होते. तो खूश होऊन गुंडाप्पाकडून तीन चहा सांगून गेला. चहा आला तो दोन घोटांत गार.

असे काही दिवस गेले. हरणाबाईला सर्दी झाली, आणि बरी झाल्यावर ती कट्ट्याकडं आलीच नाही. घरामागं भिंतीशी एकटी बसायला लागली. रुद्रम्मा यायची, पण लवकर उठायची. धुरपदाबाई मात्र रोज लेक जाईपर्यंत बसायची. गुडघे दुखायचे, बोटं वाकायची नाहीत. उठून पलीकडं उन्हात गेलं तर सगळं गाव विचारणार, शेड सोडून इथं का? मग लेकाला काय वाटेल? आणि गेलं नाही तर तिघींची बैठक गेलीच म्हणायची. रात्री तिला झोप लागेना. तुळजाभवानीपुढं ओटी भरताना काय मागितलं होतं ते आठवून तिचं तिलाच हसू आलं. लेकाच्या हाताला यश दे, म्हणाली होती. देवीनं लगेच दिलं होतं.

सोनालीच्या लक्षात आलं. "आत्याबाई, म्या बोलू का ह्यांच्याशी?"

"न्हाय. त्यानं मायेनं केलंय. त्याच्या कामाला नाव ठेवायचं न्हाय."

सव्वीस जानेवारी उजाडला. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली. मग मॅडमनी एकेका पोराला बोलावलं. पोरं आपापली क्रियापदं सांगू लागली. अर्पिताची पाळी आली तेव्हा ती माईकपाशी उभी राहिली आणि धीटपणे म्हणाली, "माझा शब्द ॲप्रिकेट. अर्थ सगळ्यांना माहीतच आहे." आणि गाव खदखदा हसलं. "वापर कसा करायचा ते आता माझी आज्जी, हरणाआज्जी आणि रुद्रम्माआज्जी करून दाखवतील."

हे कुणालाच आधी माहीत नव्हतं. धुरपदाबाईचा हात धरून पोरीनं तिला ओढलंच. हरणाबाईला कुणीतरी पुढं ढकललं. मॅडम म्हणाल्या, "या ना आजी, बसा तुम्ही रोजच्यासारख्या." सगळं गाव शाळेच्या फाटकातून कट्ट्यासमोर आलं. बलभीम मोबाइल धरून सगळ्यांत पुढं. आई, पोरगी आणि आपलं शेड, तिन्ही एका चित्रात यावीत म्हणून मागं मागं सरकत होता.

तिघी शेडखाली बसल्या. पत्र्याची झालर नाकापुढं. सावली गुडघ्यापर्यंत दाट. आणि समोर उभं असलेलं सगळं गाव उन्हात.

अर्पिता बोलायला गेली आणि थांबली. तिनं आजीकडं पाहिलं, मग वर पत्र्याकडं. पोरगी आठ-दहा दिवस शब्द मोजण्यात इतकी गुंतली होती, की कट्ट्याकडं तिनं धड पाहिलंच नव्हतं.

"आज्जी," ती हळू म्हणाली, "ऊन कुठाय गं?"

पण शाळेतून आणलेला माईक तिच्या हातात होता. सगळ्यांनी ऐकलं.

कुणी हसलं नाही. बलभीमचा मोबाइल धरलेला हात खाली आला. धुरपदाबाईनं एकदा लेकाकडं पाहिलं आणि एकदा नातीकडं. पोरीच्या डोळ्यांत पाणी भरायला लागलं होतं. असू दे गं, आहे तेच बरं, असं म्हणणं सोपं होतं. तेवढं ती रोज म्हणतच होती.

ती उठली. झालरीखालून वाकून बाहेर आली. चार पावलं पुढं जाऊन रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, मातीत फतकल मारून बसली. पदर सरळ केला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटून तोंड उगवतीकडं केलं.

"ह्याला म्हणत्यात ॲप्रिकेट," ती म्हणाली.

हरणाबाई तर वाटच बघत होती. ती येऊन शेजारी बसली. मग रुद्रम्मा. "अय्य, किती बरं वाटतंय ओ," ती म्हणाली, आणि मग लोक हसले.

बलभीम हसला नाही. जवळ येऊन उकिडवा बसला. "माय, मातीत कशापायी? सावली केली न्हवं म्या तुला? चुकलं का काय?"

"चुकलं न्हाय रे बाबा. लई चांगलं झालंय." धुरपदाबाईनं डोळे उघडले. "म्याच सांगितलं न्हाय तुला कधी. त्या सकाळी म्या माळवदाखाली व्हते. काय दिसत न्हवतं. वर का खाली ते बी कळत न्हवतं. मग शेजारच्या शरणप्पानं वरचा दगड हलवला. आणि पयलं काय आलं म्हाईत हाय? माणूस न्हाय, हात न्हाय. ऊन आलं. असं ह्या गालावर." तिनं गालाला हात लावला. "तवा कळलं, म्या जित्ती हाय. तवापास्नं सकाळी उन्हाला बसलं न्हाय, तर दिस सुरू झाल्यासारखा वाटत न्हाय मला. आणि छप्पर कितीबी हलकं असलं, तरी तेवढा येळ डोक्यावर नको वाटतं बघ."

भूकंप आठवण्याएवढं ज्यांचं ज्यांचं वय होतं, त्या प्रत्येकाला आपापली ती सकाळ आठवत होती.

बलभीम उठला. मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला.

धुरपदाबाई रस्त्याकडं बघत राहिली. दुखावला पोरगा. सगळ्या गावादेखत त्याच्या कामाची शोभा झाली. सोनाली म्हणाली, "येतील, येतील," पण तिचाही आवाज पडला होता. मॅडमना काय करावं कळेना. त्यांनी पुढच्या पोराला बोलावलं, पण ऐकायला कुणाचं ध्यान नव्हतं. अर्पिता आजीच्या कुशीत शिरून रडत होती. "माझ्यामुळं झालं आज्जी."

"तुझ्यामुळं न्हाय गं. माझ्या गप बसण्यामुळं झालं."

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. बलभीम परत आला. मागं दुकानातली शिडी धरून एक माणूस, आणि टाकीवर पान्यांची पिशवी. शिडी कट्ट्याला लावून तो सरसर वर चढला.

"अरे, काय करतोस?" धुरपदाबाई ओरडली.

"पत्रा नटबोल्टवर हाय माय. वेल्ड केलेला न्हाय," वरून आवाज आला. "थंडीत काढायचा, उन्हाळ्यात लावायचा. त्यात काय एवढं? आधी बोलली असतीस तर बिजागरी केली असती."

"आधी तू इचारलं असतंस तर!" हरणाबाईनं खालून सुनावलं. "आमी तुळजापूरला गेल्यावर चोरून बांधतोस व्हय? मला सर्दी झाली त्याचं काय?"

"हरणामावशी, तुमच्या नाकाला सर्दी न्हाय झाली तर थंडी आली हे गावाला कळायचं कसं?"

आता मात्र हसण्याचा स्फोट झाला. शंभुलिंगनं धोतर खोचलं आणि पत्रा धरायला पुढं झाला. गुंडाप्पा आला, पोरं आली. झालर आधी उतरली, मग एकेक पत्रा. शेवटचा पत्रा खाली आला तेव्हा कट्ट्यावर असं ऊन सांडलं, की कुणीतरी टाळ्याच वाजवल्या. मॅडमनी माईक हातात घेऊन जाहीर केलं, की शब्दाचा असा वापर इंग्रजांच्या देशातही कुणी केला नसेल.

धुरपदाबाई जाऊन आपल्या काळ्या दगडावर बसली. तो अजून गार होता. बलभीम शिडीवरून उतरला आणि हात पुसत आईशेजारी टेकला. कामधंदा सोडून तो असा बसलेला कुणी पाहिला नव्हता. हळूहळू दगड तापला.

"बरं वाटतंय गं, माय," तो म्हणाला.

"मग? म्या काय येडी हाय का इतकी वर्सं?"

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पाट्यांवर धाराशिव आलं. करजवंडीत एक रीतच पडून गेली. दिवाळीनंतर कट्ट्यावरचे पत्रे उतरवायचे आणि होळी झाली की चढवायचे. दोन्ही वेळा गुंडाप्पाकडून सगळ्यांना चहा. बलभीमनं पुढं खरोखरच बिजागरीचं शेड काढलं, दोरी ओढली की पत्रा मागं पडतो असं. आजूबाजूच्या गावांतून त्याला मागणी येते. मात्र आता काम घेण्याआधी तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, तुम्ही बसता कुठं, आणि कवा.

ज्ञानेश्वरी मॅडमची बदली परंड्याकडं झाली. तिथंही त्या पोरांना शब्द वापरायला गावात पाठवतात म्हणे. सोनाली रविवारी स्वयंपाकाआधी घटकाभर कट्ट्यावर येऊन बसते आणि कुणी हाक मारली तर ऐकू आलं नाही असं दाखवते. रुद्रम्मा दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. आजारपण काढलं नाही, सकाळी कट्ट्यावरून उठून घरी गेली आणि दुपारी पडल्या पडल्या शांत झाली. शंभुलिंग आता तिच्या जागेवर येऊन बसतो, आणि हरणाबाई त्यालाही सोडत नाही. ती अजून ठणठणीत आहे. धुरपदाबाईच्या दगडावर तिचा अजून डोळा आहे.

अर्पिता लातूरला अकरावीत शिकते. सकाळी कॉलेजला निघताना आजीला फोन लावते. फोन वाजला की धुरपदाबाई आधी पदर सारखा करते, मग उचलते.

"आज्जी, काय करायलीस?"

आणि कट्ट्यावर जितकी माणसं असतील, तितकी एकदम ओरडून तिला उत्तर देतात.